चार नंबरचं टेबल

काजू फेकला द्वारकेनं. जायचा होता समोर बसलेल्या अनसूयेच्या ताटात, पण तो वरून गेला आणि बेळगावहून आलेल्या व्यापाऱ्याच्या पोटावर आपटून खाली पडला. व्यापाऱ्याच्या शेजारी आमचे मालक आरोलकरशेठ उभे होते, आणि शेठांच्या मागे नवी कोरी वही छातीशी धरून मी. मॅनेजर म्हणून तो माझा तिसरा दिवस होता.

"डोळे खंय ठेवन इलंस गो, अनशे?" द्वारकेचं चालूच. पाहुणे आलेत हे तिच्या गावीही नव्हतं. "ह्यो डाग तुका दिसणा नाय?"

अनसूयेनं मानसुद्धा वर केली नाही. दोघींच्या मधल्या ढिगातला एक काजू चिमटीत धरला, दोन बोटांत फिरवला आणि टिचकीनं द्वारकेच्या ताटात उडवला. "आणि तुझी बोटां काय पायाची आसत? ह्यो तीनशेवीस. दोनशेचाळीसात घातलंस."

व्यापारी हसला. म्हणाला, करमणूक छान आहे तुमच्याकडे, शेठ. शेठही हसले, पण त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. 

वेंगुर्ल्याजवळचा आमचा तो काजूचा कारखाना. बी उकडायची, फोडायची, गर भट्टीत सुकवायचा, साल काढायची, आणि शेवटी सगळा माल यायचा निवडीच्या खोलीत. तिथे लांब पांढऱ्या टेबलांवर बायका बसायच्या, एका टेबलावर समोरासमोर दोघी. पांढरास्वच्छ, अख्खा गर वेगळा, डागी वेगळा, किडीचं भोक पडलेला वेगळा, पाकळी आणि तुकडा वेगळा. मग अख्ख्यातही आकार. एका पौंडात दोनशेचाळीस बसतात तो मोठा, तीनशेवीस बसतात तो धाकटा. दोन्हींत फरक केवढा, तर नखाएवढा. तो हातानं आणि डोळ्यानं पकडायचा. शेवटी डबा भरला की आत टेबलाच्या नंबराची चिठ्ठी टाकायची.

द्वारका गावडे आणि अनसूया मेस्त्री बावीस वर्षं चार नंबरच्या टेबलावर समोरासमोर बसत होत्या. राहायच्याही एकाच वाडीत, मध्ये फक्त एक दगडी गडगा. सकाळी एकत्र चालत यायच्या, एकत्र डबा खायच्या, आणि कामाला हात लागला रे लागला की भांडण सुरू. काजू इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि प्रत्येक काजूबरोबर एकेक शिवी. आई-बाप, सासर-माहेर, फणसाच्या झाडाची फांदी कोणाच्या परड्यात येते, काही सोडायच्या नाहीत. बाकीच्या बायका ऐकून हसायच्या आणि काम करायच्या.

व्यापारी गेल्यावर शेठांनी मला केबिनमध्ये बोलावलं. शेठ ओरडणारा माणूस नव्हता. त्यांनी पंखा लावला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "विनया, तुला कशासाठी केली मॅनेजर?"

मी म्हटलं, काम बघायला.

"काम बायका करतात. तुला केली शिस्त बघायला. एक महिना देतो. त्या टेबलावरचं भांडण बंद झालं पाहिजे. नाही झालं तर त्या दोघींतली एक घरी जाईल, आणि मडगावला माझा एक माणूस आहे, तो तुझ्या खुर्चीत येईल. तू परत वजनाच्या खिडकीवर."

वजनाच्या खिडकीवर मी सहा वर्षं काढली होती. बी.कॉम. झालेली मुलगी, दिवसभर काटा बघायचा आणि आकडा लिहायचा. कुडाळच्या आमच्या घरात मी मॅनेजर झाल्याचे पेढे वाटून झाले होते. आईनं तर ज्यांच्याशी बोलत नव्हती त्यांनाही पेढा नेऊन दिला होता. आता परत खिडकीवर बसायचं म्हणजे तोंड कुठे दाखवायचं? मी मनाशी ठरवलं की हे भांडण मी मिटवणार. सत्तावीस वर्षांची होते. अक्कल आहे अशी माझी खात्री होती.

माझ्या आधी मॅनेजर होते भिकूतात्या. तीस वर्षं त्या खुर्चीत बसून निवृत्त झालेले. किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात देताना त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "बाय, सगळा बदल, पण चार नंबराक हात लावू नको. रेडिओ आसा तो. चालू आसा तवसर बरा आसा." मला वाटलं, म्हातारा आळशी. तीस वर्षांत एक भांडण मिटवता आलं नाही आणि वर शहाणपण शिकवतोय.

त्याच आठवड्यात शेठांनी मला कोल्हापूरला शिबिराला पाठवलं. नव्या मॅनेजरांसाठी दोन दिवसांचं शिबिर, विषय कामाच्या जागचे तंटे. टाय लावलेले एक सर होते, आवाज गोड. त्यांनी फळ्यावर लिहून दिलं आणि मी हिरव्या फाईलमध्ये उतरवून घेतलं. दोन्ही बाजू वेगवेगळ्या ऐका. कोणाची बाजू घेऊ नका. माणसाला बोलतं करा. जे बोलेल ते लिहून सही घ्या. गरज पडली तर दोघांना एकमेकांपासून लांब ठेवा. खोटं सांगत नाही, मला त्यातलं अक्षर न् अक्षर पटलं होतं. आजही त्यात चूक काढता येत नाही. सर काही चुकीचं बोलले नव्हते, मीच उतावळी निघाले.

परत आल्यावर पहिली अनसूयेला बोलावली. पन्नाशी उलटलेली, किरकोळ अंगाची, विधवा बाई. खुर्चीवर बसण्याआधी तिनं हातानं खुर्ची चाचपली. ते मी बघितलं. बघितलं आणि सोडून दिलं. कारखान्यातली बाई ऑफिसात आली की बुजतेच, असं मला वाटलं.

मी तिला विचारलं, द्वारकेबद्दल काय तक्रार आहे ती मोकळेपणानं सांगा, इथलं बोलणं बाहेर जाणार नाही.

"माझी काय्येक तक्रार नाय."

मग रोज भांडता कशाला, म्हटलं. तर हसली. "तोंडाक चाळो होयो, बाय. दिवसभर गप बसान कंटाळो येता."

मी घोळवून घोळवून विचारलं. ती तुम्हाला घालूनपाडून बोलते, आई-बापावर जाते, वाईट वाटत नाही? तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. म्हणाली, वाईट कसलं, ती बोलली नाही तर वाईट.  उठताना मात्र तिनं विचारलं, "दुवारकीक पण बोलवतलंस?" मी हो म्हटल्यावर दारात जरा थांबली. मग म्हणाली, ती तापट आहे, तिचं बोलणं मनावर घेऊ नकोस. आणि गेली.

माझ्या कागदावर एक ओळ नव्हती. महिन्यातले बारा दिवस गेले होते.

दुपारी द्वारका आली. ती म्हणजे अंगानं आडवी, कपाळाला बंद्या रुपयाएवढं कुंकू, आणि खुर्चीवर अशी बसली की खुर्ची करकरली. मी मॅनेजर झाल्यापासून सगळ्या बायका मला मॅडम म्हणायला लागल्या होत्या. या दोघी तेवढ्या 'बाय' म्हणायच्या. तिला मी तोच प्रश्न विचारला आणि तिनंही तेच उत्तर दिलं. तक्रार नाही. भांडण? कसलं भांडण? आम्ही बोलतो.

आता इथे मी जे केलं ते एवढंसं होतं. एक वाक्य. शिबिरात सांगितलं होतं ना, माणसाला बोलतं करा. मी वहीकडे बघत, वही उलटत, अगदी सहज म्हटलं, "तुमची नसेल तक्रार, द्वारकाबाय. पण सकाळी अनसूयाबाय येऊन गेल्या, त्यांनी तुमच्याबद्दल सगळं सांगितलं."

द्वारका हलायची थांबली. "काय सांगितल्यान?"

"तुमच्या चुका होतात म्हणाल्या. त्यांना निस्तराव्या लागतात."

"अनशीन सांगितल्यान? अशीच म्हणाली?"

"हो."

तिचा चेहरा मला अजून दिसतो. आधी राग आला नाही तिला. आधी ती नुसती बघत राहिली, कोणी ओळखीच्या माणसानं भर बाजारात ओळख दाखवली नाही तर माणूस बघतो तशी. मग राग आला, आणि आला तो असा आला की मला लिहिता लिहिता पुरेवाट झाली.

"माझ्यो चुको? आणि तिच्यो? तिका डाग दिसणत नाय. किडीचा भोक दिसणा नाय. मी एकेक काजू काढून फेकतंय म्हणान डबे पास होतत. नायतर एक डबो जावचो नाय चार नंबराचो. लिही. लिही तू."

मी लिहिलं. शुद्ध मराठीत, तारीख घालून. 'अनसूया मेस्त्री यांना डागी व किडका माल ओळखता येत नाही. त्यांच्या चुका मला दुरुस्त कराव्या लागतात.' द्वारकेनं सही केली. सातवीपर्यंत शिकलेली होती, सही ठसठशीत होती. पेन ठेवल्यावर तिनं विचारलं की हा कागद कुठे जाणार. मी म्हटलं, कुठेच नाही, फाईलमध्ये.

दुसऱ्या दिवशी मी दोघींची टेबलं बदलली. द्वारका दरवाजाजवळच्या एक नंबरवर, अनसूया खिडकीजवळच्या सात नंबरवर. सात नंबरवर दुसरं कोणी नव्हतं, म्हणजे भांडायला समोर माणूसच नको. मोठ्या खुशीत मी सगळं केलं. अनसूयेनं आपलं ताट उचललं आणि टेबलांच्या कडेला हात लावत लावत खिडकीकडे गेली. द्वारकेनं तिच्याकडे पाठ केली होती.

आणि भांडण थांबलं.

त्या शांततेचं मला किती कौतुक वाटलं म्हणून सांगू. निवडीच्या खोलीत नुसता पंख्यांचा आवाज आणि ताटात काजू पडल्याचा आवाज. शेठ दारात येऊन उभे राहिले, दोन मिनिटं ऐकत राहिले आणि माझ्या पाठीवर थाप मारून गेले. महिना पुरा व्हायच्या आत माझं कायम झाल्याचं पत्र आलं. आईनं देवाला नारळ फोडला.

सकाळी दोघी आता वेगवेगळ्या यायच्या. डबा वेगवेगळ्या कोपऱ्यांत खायच्या. माझ्या ध्यानात आलं होतं ते, पण भांडण मिटल्यावर बोलाचाल थोडे दिवस राहतेच बंद, होईल हळूहळू सुरळीत, असं मी स्वतःला सांगितलं.

टेबलं बदलल्याला तीन आठवडे झाले आणि बेळगावहून डबे परत आले.

एक-दोन नव्हेत, अख्खी गाडी. व्यापाऱ्यानं वर चिठ्ठी पाठवली होती की करमणूक चालत होती तेव्हा माल बरा होता. शेठांनी डबे फोडून टेबलावर ओतले. सात नंबरच्या डब्यांत आकार इतका नेमका की मोजून बघावा, एकही दाणा लहान-मोठा नाही. पण त्यात डागी काजू होते, आणि किडके होते. एक नंबरच्या डब्यांतला माल पांढराशुभ्र, पण दोनशेचाळीसात तीनशेवीस सरसकट मिसळलेले. मी ते दोन ढीग बघत उभी राहिले आणि मला हळूहळू कळायला लागलं. सगळं नाही.

शेठ म्हणाले, आकार चुकला तर माल परत निवडता येतो, पण किडका काजू गिऱ्हाइकाच्या तोंडात गेला की गिऱ्हाईक जन्माचं जातं. सात नंबरवर कोण बसतं, दुपारी मला सांग.

मी व्हरांड्यात आले तर द्वारका उभी. काम सोडून आलेली. तिनं माझा हात धरला आणि पाण्याच्या टाकीमागे नेलं.

"बाय, आमका परत एका टेबलार बसव."

"बसून काय करणार?"

"भांडतलंव. आणि काय करतलंव?" मग आवाज खाली आणून, टाकीला टेकून, तिनं सांगितलं. अनसूयेची नजर जात होती. तीन वर्षं झाली होती. गोव्याच्या डॉक्टरनं सांगितलं होतं की गेली ती परत येणार नाही, राहिली आहे ती किती दिवस राहील सांगता येत नाही. "पण तिची बोटां देवाची आसत. आकार तिका डोळे मिटून कळता. माका बावीस वर्सांत कळाक नाय, पयल्यापासून तीच माझे काजू बघता. तिचो डागी गेलो की मी तिच्या ताटात फेकतंय, माझो लहान-मोठो झालो की ती माझ्या ताटात फेकता. आणि गप फेकलो तर बाकीच्या इचारतत, ह्यो कित्याक फेकलंस? म्हणान भांडूक लागता. भांडणाक कोण कारण इचारणा नाय."

मी म्हटलं, हे मला त्या दिवशी का नाही सांगितलंत?

"तिचा गुपित मी कशी सांगू? आणि मगे..." ती थांबली. "मगे तिनाच माझी तक्रार केल्यान म्हटल्यार माझा डोक्या फिरला. मी तिच्यावांगडा बोलणंय नाय. पण म्हणान तिचा काम जावचा? ह्या काम गेला तर घरात तिका कोण चायचो कप देवचो नाय. कामार येता म्हणान जाव तिका इचारता. तू शेठांक सांग. एका टेबलार बसव, आम्ही तोंडातून शब्द काढूचंव नाय, नुसते काजू फेकतलंव. सांगशीत?"

तिथे, त्या टाकीमागे, मला एक वाक्य बोलायचं होतं. अनसूयेनं तुमची तक्रार केलीच नव्हती, मी खोटं बोलले. एवढंच. माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. मी म्हटलं, "बघते. सांगते शेठांना."

दुपारी मी केबिनमध्ये गेले ती खरोखर सांगायलाच गेले होते. तेवढं तरी माझ्या पदरात घाला. पण शेठ हिरवी फाईल उघडून बसले होते. द्वारकेच्या सहीचा कागद त्यांच्या हातात होता.

"हे तुला आधीच माहीत होतं?" ते म्हणाले.

मी कागदावरच्या तारखेकडे बघितलं.

"शाबास. लिहून घेतलंस ते उत्तम केलंस. आता मला एकच सांग. किडका माल ओळखता येत नाही असं लेखी असताना त्या बाईला एकटीला टेबल कोणी दिलं?"

पंखा फिरत होता. शेठ रागावलेले नव्हते, नुसते विचारत होते. कायम झाल्याचं माझं पत्र आठ दिवसांपूर्वी त्यांनीच सही करून दिलं होतं. मी दिलं म्हणाले असते, मी न समजता दिलं, त्या दोघींना परत एकत्र बसवा, त्या दोघी मिळून एक बाई आहेत, असं म्हणाले असते, तर फार तर काय झालं असतं? खिडकीवर गेले असते. वजनाच्या काट्यापुढे बसून म्हातारी झाले असते. माणसं त्याहून वाईट भोगतात.

मी म्हटलं, "अनसूयाबाईंनी स्वतः सांगितलं होतं, शेठ, की त्यांना दिसतं. मी विश्वास ठेवला."

दुसरं खोटं. पहिलं मी चुकून बोलले म्हणता येईल. हे मी समजून उमजून बोलले.

शेठांनी मान हलवली. म्हणाले, बिचारी, पण इलाज नाही. उद्यापासून नको. तिला कागद दाखव, म्हणजे आपण उगाच काढली असं वाटायला नको.

अनसूयेला मी संध्याकाळी, सुट्टी व्हायच्या आधी बोलावलं. तिनं कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, खिडकीकडे तोंड करून धरला, परत माझ्या हातात दिला. "वाचून दाखव."

मी वाचून दाखवला. दोनच वाक्यं होती. माझ्या अक्षरातली, माझ्या शुद्ध मराठीतली.

"सही तिची?"

"हो."

तिनं कागद परत मागितला आणि सहीच्या जागेवरून बोट फिरवलं. द्वारका पेन दाबून लिहायची, अक्षर कागदात उमटायचं. बोट दोनदा फिरवलं. मग माझ्याकडे तोंड करून, पण माझ्या जरा डावीकडे बघत, तिनं विचारलं, "दुवारकी असा आपसूक सांगूची नाय. तिका तू काय सांगितलंस?"

"काही नाही."

"काय्येक नाय?"

"नाही. त्यांनी स्वतःहून सांगितलं."

हे तिसरं.

अनसूयेनं कागद टेबलावर ठेवला. मग "बरा" म्हणाली, डब्याची पिशवी उचलली आणि भिंतीला हात लावत गेली. रडली नाही, काही नाही. फाटकाजवळ द्वारका तिच्यासाठी थांबली होती, कामावर तिचं काय झालं ते कळलं होतं तिला. अनसूया तिच्या समोरून गेली. द्वारकेनं हाक मारली असावी, मला काचेतून तोंड हललेलं दिसलं. अनसूया थांबली नाही. तिला द्वारका दिसली नाही की दिसून पुढे गेली, ते मला कधी कळलं नाही.

पुढचं वाडीतल्या बायकांकडून कानावर यायचं. पहिल्या आठवड्यात द्वारकेनं गडग्यावर बांगड्याच्या तिखल्याचं भांडं ठेवलं, ते दुपारपर्यंत तसंच राहिलं आणि कावळ्यांनी खाल्लं. परत तिनं ठेवलं नाही. तिलाही स्वाभिमान होता, आधी तक्रार अनशीनं केली असं ती धरून बसली होती. दोन्ही घरांतून ये-जा करायला गडग्याला दगडी पायऱ्या होत्या, तिथे कोणीतरी काटे आणून टाकले. अनसूया पडवीत बसायची. जावेनं चहा द्यायचा कधी बंद केला हे कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

द्वारकेनं आमच्याकडे आणखी नऊ वर्षं काम केलं. तिला आम्ही साल काढायला बसवली. खाली मान घालून काम करायची, कोणाशी भांडण नाही, तंटा नाही. एका वर्षी शेठांनी चांगल्या कामगाराचं बक्षीस ठेवलं, आणि प्रमाणपत्रावर 'शांत व मनमिळाऊ स्वभावाबद्दल' असं लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं. तिनं ते घेतलं, घडी घातली आणि कमरेला खोचलं.

या सगळ्याला आता एकोणीस वर्षं झाली. शेठ गेले, त्यांचा मुलगा कारखाना बघतो, आणि मी अजून मॅनेजर आहे. कोणी नवा सुपरवायझर आला की मुलगा त्याला माझ्याकडे पाठवतो, विनयामावशीकडून शिका, माणसं कशी सांभाळायची ते. गेल्या महिन्यात एक मुलगी आली, हुशार, हातात फाईल. भट्टीवरचे दोघे रोज एकमेकांच्या अंगावर धावतात, म्हणाली. वेगळे करू का?

मी तिला म्हटलं, आधी महिनाभर नुसती बस त्यांच्यात. काय बोलतात ते ऐकू नको, बोलताना हात काय करतात ते बघ. तिनं ते लिहून घेतलं. मग म्हणाली, मॅडम, हे तुम्हाला कसं सुचलं? मी म्हटलं, अनुभवानं. ती कौतुकानं माझ्याकडे बघत होती. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

रविवारी मी द्वारकेकडे गेले.

ती अंगणात सूप घेऊन कुळीथ निवडत होती. सत्तरीची झाली असेल, पण नजर तशीच, चष्मा नाही. मला बघून तिला आश्चर्य वाटलं, बसायला पाट दिला. पलीकडे गडगा होता, त्यावर काटे नव्हते आता, नुसतं गवत. मी इकडची तिकडची बोलले. पाऊस, गुडघे, नातवंडं. मग म्हणाले, द्वारकाबाय, मला एक सांगायचं आहे.

"सांग, बाय."

मी सांगितलं. अनसूयेनं तुमची तक्रार कधीच केली नव्हती. त्या सकाळी तिनं एक शब्द वाईट काढला नाही, उलट तुमचं बोलणं मनावर घेऊ नको म्हणाली. मी खोटं बोलले, तुम्ही बोलावं म्हणून. आणि तिनं शेवटी मला विचारलं, तेव्हाही खोटं बोलले. तुम्ही आपणहून तिच्याविरुद्ध लिहून दिलंत असं तिला वाटलं. सगळं सांगितलं, काही ठेवलं नाही. एकोणीस वर्षं पाठ केलेलं होतं, त्यामुळे भराभर सांगून झालं.

द्वारकेचा हात सुपात थांबला होता. ती गडग्याकडे बघत होती.

"ह्या तू अनशेक सांगितलंस?"

"नाही," मी म्हटलं. "ती गेली ना शिमग्याच्या आधी. मला कळलं तेव्हा..."

"हां." तिनं मान हलवली. "म्हणान आता इलंस."

मी खाली बघितलं. मला वाटलं, आता ही बोलेल. आता आई-बाप काढेल, माझ्या सात पिढ्या उद्धरेल, सूप फेकून मारेल. मी त्यासाठीच आले होते, हे मला तिथे बसल्यावर कळलं. तिच्या तोंडच्या शिव्या खाव्यात, रडावं आणि हलकं होऊन घरी जावं. मी वाट बघत राहिले.

द्वारकेनं सुपातला एक खडा उचलला, बघितला आणि अंगणात टाकला. परत निवडायला लागली. मग मान वर न करता, अगदी नीट, कोणी परकं माणूस घरी आल्यावर विचारतात तशा आवाजात म्हणाली,

"चाय टाकू, मॅडम?"